नाकाला न कळणारा वायू : शीतगृहातील कर्बवायूपासून स्वतःला सांभाळा



आपला माल शीतगृहात नेऊन ठेवण्याची वेळ आता पुष्कळांवर येते. नाशिक-सांगलीकडे निर्यातीची द्राक्षे आधी थंड करावी लागतात, जळगावकडची केळी पिकवण-खोल्यांत जातात. कुठे शेतकऱ्यांनी मिळून स्वतःच शीतगृह उभारलेले असते. तिथे क्रेट आत-बाहेर करायला बहुतेक वेळा आपणच असतो, नाहीतर आपल्याच घरची पोरं. तेव्हा त्या यंत्राच्या नळ्यांतून कोणता वायू फिरतो, तो फुटून बाहेर आला तर काय करायचं, ही गोष्ट एकट्या मेकॅनिकवर सोडून चालणार नाही. या पत्रिकेत कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, याची माहिती दिली आहे.

हा वायू आपल्या ओळखीचाच

आपण श्वास सोडतो त्यात कर्बवायू असतो. सोड्याच्या बाटलीत तोच फसफसतो. पेवात साठवलेले धान्य श्वास घेते आणि पेवात तो साठतो. जुन्या विहिरीच्या तळाशी पालापाचोळा कुजतो, तिथेही तो असतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा तो दीडपट जड आहे, म्हणून पाण्यासारखा खोलगट जागी जाऊन बसतो.

हा वायू किती मुकाट्याने घात करतो याचे एक उदाहरण सांगतो. आफ्रिकेत कॅमेरून नावाचा देश आहे. तिथल्या न्योस तळ्याच्या तळाशी ज्वालामुखीतून आलेला कर्बवायू पाण्यात मुरून साठला होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकाएकी उसळून बाहेर पडला आणि ओढ्याच्या पाण्यासारखा उतारावरून खालच्या गावांत शिरला. सुमारे १,७०० माणसे आणि ३,००० च्या वर जनावरे दगावली. आग नाही, धूर नाही. पुष्कळजण झोपेतच गेले.

शीतगृहात तो कशाला आणला?

बर्फाच्या यंत्रात कर्बवायू वापरणे ही काही नवी गोष्ट नव्हे. १८९० च्या सुमारास परदेशात मांस वाहून नेणाऱ्या जहाजांवर अशी यंत्रे होती. पुढे १९३० नंतर फ्रिऑन जातीचे वायू आले आणि तो मागे पडला. पण फ्रिऑनने आकाशातल्या ओझोनच्या थराला इजा होते असे दिसून आले, आणि १९८७ साली माँट्रियल येथे त्याविरुद्ध जगातील देशांचा करार झाला. त्याच्या जागी जे वायू आले त्यांतले काही हवामान तापवण्यात फार पुढे. आर-४०४ए या वायूचा एक किलो हवेत गेला तर सुमारे ३,९०० किलो कर्बवायूइतकी उष्णता वाढवतो. असे वायू कमी करण्याचा किगाली येथील ठराव २०१६ चा. भारताने तो २०२१ साली मान्य केला. त्यामुळे स्वस्त, न पेटणारा असा कर्बवायू पुन्हा यंत्रांत येऊ लागला आहे. यंत्राच्या पाटीवर त्याची खूण आर-७४४ अशी असते.

आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या शीतगृहांत अजून अमोनियाच आहे. त्याची खूण आर-७१७. म्हणून पहिले काम हे की, जिथे माल ठेवता तिथल्या यंत्राची पाटी वाचा, नाहीतर ऑपरेटरला विचारा.

अमोनियाची सवय इथे उपयोगी पडत नाही

अमोनिया विषारी आहे, पण तो आधी आवाज देतो म्हणा ना. थोडा सुटला तरी नाक झोंबते, डोळ्यांतून पाणी येते, माणूस आपसूक बाहेर पळतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून ओला फडका तोंडावर धरून पळत सुटणारी माणसे असतात.

कर्बवायूचे तसे नाही. वास येत नाही म्हणून माणूस आत काम करीत राहतो. ओल्या फडक्याने तो अडत नाही. फवारणीच्या वेळी बांधतो तो मास्क, धुळीचा मास्क, रुमाल, यांतले काहीच चालत नाही. पाठीवर हवेची टाकी आणि तोंडाला बंद मुखवटा, असा अग्निशमन दलाकडे असतो तो संचच इथे कामाचा.

किती झाला म्हणजे धोका?

मोकळ्या हवेत कर्बवायू शंभर भागांत ०.०४ भाग असतो. पुढचे आकडे ध्यानात ठेवा.

० अर्धा टक्का : आठ तासांच्या पाळीसाठी ही मर्यादा मानतात. पहिली घंटा बहुधा इथे वाजते.
० ३ टक्के : पंधरा मिनिटांहून जास्त थांबू नये. श्वास जोरात चालतो, डोके दुखते.
० ४ टक्के : जिवाला तात्काळ धोका, असे सुरक्षेच्या नियमांत धरले आहे.
० ७ ते १० टक्के : चक्कर, धूसर दिसणे. काही मिनिटांतही शुद्ध हरपू शकते.
० १७ टक्क्यांच्या पुढे : एका मिनिटाच्या आत माणूस कोसळतो.

आता हिशेब करू. खोली २० फूट लांब, १५ फूट रुंद, १२ फूट उंच. म्हणजे ३,६०० घनफूट. एक किलो कर्बवायू सुटला की त्याचा साधारण १९ घनफूट वायू होतो. २० किलो सुटला तर ३८० घनफूट. म्हणजे खोलीतल्या हवेचा दहावा हिस्सा! आतले पंखे चालू असतील तर हा वायू खोलीभर सारखा पसरतो. पंखे बंद असतील तर जमिनीलगत बसतो, आणि खालचा क्रेट उचलायला वाकलेला माणूस त्यात आधी सापडतो.

आणखी एक गोष्ट. पुष्कळांना वाटते की प्राणवायू कमी पडतो एवढेच यात आहे. तसे नाही. कर्बवायू दहा टक्के झाला तरी प्राणवायू १९ टक्क्यांच्या आसपास उरतोच, पण रक्तात चढलेला कर्बवायू स्वतः माणसाला पाडतो. म्हणून एकट्या प्राणवायूचे मीटर पाहून आत जाऊ नका. कर्बवायूचे मीटर वेगळे असते आणि तेच हवे.

दाब आणि थंडी : दुसरा धोका

ट्रकच्या टायरात शंभराच्या वर पौंड हवा असते आणि तो फुटला तर काय होते ते आपण पाहिले आहे. उन्हाळ्यात अमोनियाच्या यंत्रात दाब दोनशे पौंडांच्या आसपास जातो. कर्बवायूचा दाब नुसत्या ३० अंश उष्णतेला हजार पौंडांच्या वर असतो. भर उन्हात यंत्र चालू असताना तो तेराशे-चौदाशे पौंडांवर जातो. तेव्हा :

० चालू यंत्राचा नट, जोड किंवा व्हॉल्व्ह स्वतः आवळू नका. "जरा गळतंय, पाना मारतो" ही भाषा इथे नको.
० द्रव कर्बवायू भरलेल्या नळीचे दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करू नका. मधे कोंडलेला द्रव थोडा तापला तरी नळी फुटेल इतका दाब चढतो.
० सुरक्षा-व्हॉल्व्ह फुसफुसत असेल तर त्याला बूच मारू नका. तो यंत्राचा जीव वाचवीत असतो.
० गोठलेल्या नळीवर गरम पाणी, शेगडी, गॅसची ज्योत नको.

द्रव कर्बवायू बाहेर पडला की त्याचा एकदम पांढरा भुगा होतो. हाच कोरडा बर्फ. तो शून्याखाली ७८ अंश इतका थंड असतो. हाताला लागला तर भाजल्यासारखे फोड येतात. पोरांना तो खेळायला देऊ नका.

वीज गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न मोठा. यंत्र बंद पडले की आतला कर्बवायू हळूहळू तापतो आणि दाब वाढत जातो. ठराविक दाबाला सुरक्षा-व्हॉल्व्ह उघडतो आणि वायू बाहेर सुटतो. म्हणजे रात्री वीज गेली, सगळे शांत, आणि तेव्हाच गळती! त्याच वेळी घंटा आणि पंखाही विजेअभावी बंद. यावर उपाय दोन. दाब आटोक्यात ठेवणाऱ्या लहान यंत्राला जनरेटर असावा, आणि वायू ओळखणाऱ्या घंटेला बॅटरी असावी. सुरक्षा-व्हॉल्व्हची नळी इमारतीबाहेर उंच सोडलेली असावी. तिच्याखाली हमालांची बसायची जागा, खिडकी किंवा खड्डा नको. वीज परत आली म्हणून लगेच आत शिरू नका. आधी मीटरवर आकडा पाहा.

गळती ओळखावी कशी?

० जिथे एरवी पांढरे धरत नाही तिथे नळीवर अचानक बर्फ धरला.
० शिटीसारखा आवाज, जमिनीवर सरकणारे धुके किंवा पांढरा भुगा.
० यंत्र चालू असूनही खोली थंड होत नाही, वायू वरचेवर भरावा लागतो.
० आतल्या माणसांना कारण नसताना धाप लागते, डोके ठणकते, तोंड गरम वाटते, छाती धडधडते.

शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची. दोघा-तिघांना एकदमच डोकेदुखी झाली तर ती उन्हाची किंवा उपाशीपोटाची म्हणून सोडू नका. ताबडतोब सगळ्यांनी बाहेर यावे. विचार नंतर करावा.

गळती झाली तर : कामाचा क्रम

१. हातातले काम टाका, क्रेट जागीच सोडा, बाहेर या. बरोबरच्यांना ओरडून बाहेर काढा.
२. वाऱ्याच्या उलट बाजूला, उंचवट्यावर उभे राहा. माल उतरवायचा खड्डा, गटार, तळघर यांच्याजवळ थांबू नका. दार उघडले की वायू तिकडेच वाहतो.
३. माणसे मोजा. आत किती गेले होते, बाहेर किती आले?
४. बाहेरच्या बटणाने यंत्र बंद करा आणि पंखा चालू करा. बटण आत असेल तर त्यासाठी आत जाऊ नका.
५. बाहेरून उघडता येतील ती दारे उघडून ठेवा.
६. ११२ वर फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८. "शीतगृहात कर्बवायू सुटला आहे, हवेच्या टाकीचा संच घेऊन या," असे स्पष्ट सांगा.
७. मेकॅनिकने जमिनीलगत, कोपऱ्यांत आणि खड्ड्यांत मोजून आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली आल्याचे सांगेपर्यंत कोणीही आत जाऊ नये. धुके विरले म्हणजे वायू गेला असे नव्हे.

माणूस आत पडला असेल तर

बंधूंनो, बाकी सारे विसरलात तरी चालेल, पण एवढे विसरू नका.

९ एप्रिल २०२४ रोजी नेवासा तालुक्यातील वाकडी येथे एका जुन्या विहिरीत मांजर पडले. त्या विहिरीत शेणाची स्लरी साठवलेली होती. मांजर काढायला एकजण उतरला, तो गुदमरला. त्याला काढायला दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा. अशी पाच माणसे गेली. सहावा कमरेला दोर बांधून उतरला होता, त्याला वर ओढता आले आणि तो वाचला. तिथे शेणाच्या कुजण्यातून होणारे आणखीही विषारी वायू होते. शीतगृहाची गोष्ट वेगळी, पण माणसे जाण्याची रीत हीच. पहिला अजाणता जातो, त्याच्या मागचे मायेपोटी जातात.

आपल्या डोळ्यांदेखत भाऊ पडलेला असताना बाहेर उभे राहणे सोपे नाही. छातीवर दगड ठेवावा लागतो. पण हिशेब करा. तुम्ही श्वास रोखून धावलात, तरी गड्याला उचलायला जोर लावावा लागेल, आणि जोर लावला की श्वास घ्यावाच लागेल. तो एक श्वास पुरतो. मग आत दोन माणसे पडतात आणि मदतीला बोलावणारा कोणी उरत नाही.

म्हणून हवेच्या टाकीचा संच नसेल तर आत जायचे नाही. बाहेरून मात्र पुष्कळ करता येते. दारे सताड उघडा. बाहेरचा मोठा पंखा किंवा ब्लोअर दारातून आत हवा सोडेल असा लावा. माणूस दाराजवळ असेल तर बाहेर उभे राहून लांब काठीला आकडा किंवा दोराचा फास लावून त्याला ओढा. संच लावून शिकलेला माणूस आत जात असेल तर त्याच्या कमरेला दोर बांधा, आणि तो दोर धरायला बाहेर दोघे ठेवा.

बाहेर काढल्यावर

० मोकळ्या हवेत निजवा, गळ्याजवळचे, कमरेचे कपडे सैल करा.
० श्वास चालू पण शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. तोंडात पाणी, कांदा, लिंबू काही घालू नका.
० श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भरभर दाबत राहा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत. एकजण दमला की दुसऱ्याने घ्यावे.
० कोरड्या बर्फाने कातडी गोठली असेल तर चोळू नका. कोमट पाण्यात धरा, कढत पाण्यात नको. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका.
० माणूस "आता बरं वाटतंय" म्हणाला तरी दवाखान्यात न्याच.

माल ठेवण्यापूर्वी एवढे विचारा

शीतगृह दुसऱ्याचे असो की आपल्या मंडळींनी बांधलेले, पुढच्या गोष्टी पाहून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही.

० कर्बवायू ओळखणारे यंत्र आहे का? ते जमिनीपासून फूटभर उंचीवर आहे का? छताला लावले असेल तर घंटा उशिरा वाजेल.
० घंटा आणि दिवा दाराच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे आहे का? बाहेर नसेल तर येणारा माणूस बेसावध आत शिरेल.
० हवा ओढणारा पंखा जमिनीलगतची हवा ओढतो का? त्याचे बटण बाहेर आहे का?
० दार आतून उघडते का? हँडल गोठत तर नाही ना?
० यंत्रखोलीत आणि थंड खोलीत एकट्याने जायचे नाही, असा नियम आहे का?
० ठराविक मुदतीला यंत्र तपासून घंटा वाजवून पाहतात का? वरचेवर वाजते म्हणून कोणी तिची वायर तर काढून ठेवली नाही ना?

यंत्रात आर-७४४ नसला तरी पिकवण-खोलीत काळजी हवीच. पिकणारे फळ स्वतः कर्बवायू सोडते. तो एक टक्क्याच्या वर गेला तर केळी पिकायला वेळ लागतो, म्हणून खोलीला ठराविक वेळाने मोकळी हवा देतात. तुम्हीही आत जाण्यापूर्वी दार उघडून हवा खेळू द्या. कर्बवायूचे सिलिंडर किंवा कोरडा बर्फ जीपच्या बंद केबिनमधून नेऊ नका. मागच्या उघड्या हौद्यात ठेवा. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला आणि सावलीत असावा.

विहीर आणि पेव यांनाही हाच कायदा

पेव उघडून वारा जाऊ द्यायचा, मग कंदील सोडून पाहायचा, ही आपली जुनी रीत. कंदील विझला तर उतरायचे नाही, हे खरेच. पण कंदील पेटता राहिला म्हणजे निर्धास्त झालो, असे मात्र समजू नका. ज्योत जळत असते तेव्हाही माणसाला पाडण्याइतका कर्बवायू हवेत असू शकतो. आणि शेणाच्या, स्लरीच्या खड्ड्यात कंदील सोडाल तर भडका उडेल. तिथे माणूस उतरवूच नये. विहिरीत किंवा पेवात उतरण्याआधी ब्लोअरने तळापर्यंत हवा सोडा, उतरणाऱ्याच्या कमरेला आधीच दोर बांधा आणि वर दोन धडधाकट माणसे ठेवा. विहिरीच्या आत डिझेल इंजिन चालवू नका, त्याचा धूरही जीव घेतो.

ही पत्रिका वाचून झाली की घडी घालून फडताळात ठेवू नका. शीतगृहाच्या दारावर चिकटवा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्या हमालांना, मजूर बायांना वाचून दाखवा. विशेषतः पडलेल्या माणसासाठी आत धाव घ्यायची नाही, हे तरण्या पोरांच्या कानांवर पुन्हापुन्हा घाला. धावून जाण्याची ऊर्मी त्यांच्यातच जास्त असते.